कानतुट्याला मारायचं असेल तर

वहिनींनी कानतुट्याला मारायचं ठरवलंय, हे धाकट्याला कुणी तोंडाने सांगितलं नाही. ते त्याला कार्डांवरून कळलं. वहिनी पुस्तकातला प्रत्येक प्रसंग एका जाड कार्डावर लिहीत. नव्या पुस्तकाची कार्डं दादाच्या टेबलावरून धाकट्याकडे आली, त्याने ती नेहमीप्रमाणे फरशीवर पसरली, आणि रांगत रांगत वाचताना त्याच्या लक्षात आलं, की कानतुट्या ससा विहिरीत उतरला तर मरतोय आणि नाही उतरला तरी मरतोय. पुलावर गेला तर पूल तुटतोय. पुलाच्या अलीकडे थांबला तर घारबाई येऊन उचलून नेतेय. एका ठिकाणी काहीच न करता झोपायचीही सोय होती. धाकट्याने मोठ्या आशेने ते कार्ड उचललं. झोपेत सशावर झाड पडत होतं.

हे लहान मुलांचं पुस्तक होतं.

म्हणजे चित्रांची कादंबरी. पण अशी, की दर दोन-चार पानांनी खाली एक चौकट यायची. बोगद्यात शिरायचं असेल तर अमुक पानावर जा, मागे फिरायचं असेल तर तमुक पानावर जा. मूल ठरवेल तशी गोष्ट पुढे जाणार. मुलांना काय खायचं, कुठल्या शाळेत जायचं आणि केस कधी कापायचे यातलं काहीच ठरवू देत नाहीत, म्हणून ही पुस्तकं खपतात, असा प्रकाशकाचा सिद्धांत होता. प्रकाशक म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, दादा. दादाने स्वतः जन्मात काही ठरवलेलं नव्हतं. "तुम्ही दोघं ठरवा" हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणे, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते प्रकाशनाचं ब्रीदवाक्य वाटे.

वर घर आणि खाली कचेरी. कचेरीच्या पुढच्या खोलीत वहिनी बसून लिहीत, मागच्या खोलीत धाकटा बसून चित्रं काढी, आणि मधल्या बोळात दादाचं टेबल होतं. दोन देशांच्या सरहद्दीवर जकात नाका असतो तसं. फरक एवढाच, की नाक्यावरचा माणूस निदान पिशवी तरी उघडून बघतो.

धाकटा उठून बोळात आला.

"दादा, वहिनींना विचार, हा सगळीकडेच मरतो का."

वहिनींचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "अहो, त्यांना सांगा, सगळीकडे."

"विचार, का."

"सांगा, पुष्कळ पुस्तकं झाली. खरा ससा इतकी वर्षं जगत नाही. पटत नसेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर देते."

दादाने एकदा पुढच्या खोलीकडे पाहिलं, एकदा मागच्या. "मला वाटतं, तुम्ही दोघांनी..."

"दोघांनी कशाला? माझं ठरलंय," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नवी मालिका. जरा मोठ्या मुलांसाठी. चित्रं काढायला एक मुलगी बघितलीय. गुणी आहे. सांगितलं तेवढंच काढते."

धाकटा परत खोलीत गेला आणि त्याने दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर वहिनींना समाधान मिळालं असतं.

त्याला कानतुट्याशिवाय दुसरं काही काढता येत नव्हतं, असं नाही. पण काढलं की त्याचा कानतुट्याच व्हायचा. मध्यंतरी एका बँकेच्या कॅलेंडरसाठी त्याने घोडा काढून दिला होता. बँकेने अतिशय नम्रपणे विचारलं, की ससा इतका मोठा का दाखवलाय. तेव्हा ही मागची खोली, तिच्यातलं उतरतं टेबल, खिडकीतला उजेड, वर जेवणाच्या टेबलाशी असलेली त्याची खुर्ची, हे सगळं एका सशाच्या जिवावर चाललेलं होतं. ससा गेला, की तो त्या घरात फक्त दीर म्हणून उरणार होता. वहिनी दिराला कसं वागवतील याची त्याला कल्पना होती, कारण चित्रकाराला कसं वागवतात ते त्याने पाहिलं होतं.

तसं वैर जुनं होतं, आणि धाकट्याचा त्यातला हात काही लहान नव्हता. एका पुस्तकात वहिनींनी राजाच्या तोंडी अर्ध्या पानाचं भाषण घातलं. धाकट्याने राजाच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा काढला तो लिंबाएवढा, आणि ते सगळं भाषण त्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बसवलं. पुढच्या पुस्तकात वहिनींनी लिहिलं, 'इतक्यात तिथे दहा हजार सैनिक आले. प्रत्येकाच्या हातात वेगळं शस्त्र होतं.' धाकट्याने पानभर धुळीचा लोट काढला आणि खाली स्वतःच्या मनाने ओळ टाकली, 'सैनिक धुळीच्या मागे आहेत.'

त्या ओळीवरून जे झालं, त्यानंतर तह झाला. जेवणाच्या टेबलावर, तोंडी; कारण लिहून ठेवायचं तर कुणाच्या अक्षरात, इथूनच पुन्हा सुरुवात झाली असती. शब्द वहिनींचे, चित्रं धाकट्याची. अक्षरं हाताने काढायचं काम धाकट्याकडेच राहिलं, पण त्याने कानामात्रेलाही हात लावायचा नाही. आणि त्याने काय काढलं यावर वहिनींनी चकार शब्द काढायचा नाही.

चकार शब्द काढायचा नाही म्हटल्याबरोबर धाकट्याने गोष्टीतल्या दुष्ट घारीला चष्मा दिला. साखळीवाला, गळ्यात अडकवायचा. पुढे हनुवटी दिली. मग बोलताना मान एका बाजूला करायची लकब दिली. वहिनी शाळाशाळांतून पुस्तकं वाचायला जात तेव्हा पहिल्या रांगेतूनच आरोळी उठे, "घारबाई आल्या!" दादाने ते चित्र पाहिलं तेव्हा तो म्हणाला होता, "छान आलीय घार." त्याला खरंच कळलं नव्हतं की कळूनही त्याने कानावर हात ठेवले होते, हे वहिनींनाही इतक्या वर्षांच्या संसारानंतर सांगता आलं नसतं. वहिनींनी उत्तर दिलं ते ढालीने. चित्रांना एकदा बक्षीस म्हणून लाकडी ढाल मिळाली होती. ती तेव्हापासून पुढच्या खोलीत जमिनीवर होती. वाऱ्याने दार आपटतं, त्याला काहीतरी जड लागतं, असं वहिनी आल्यागेल्याला सांगत.

धाकट्याने कार्डं गोळा केली आणि कामाला बसला. अगदी मन लावून. पूल तुटताना दोरीचा एक एक पीळ सुटताना दाखवला. विहिरीत तळाशी पडलेल्या सशाच्या डोळ्यात वरचं आभाळ काढलं, वाटीएवढं. दादाला ते पान बघून नाक पुसावं लागलं. वहिनींनी पानं पाहून बाजूला ठेवली. इतकी वर्षं ज्याच्याशी पटलं नाही तो माणूस निमूटपणे सांगितलेलं काम करतोय, यावरून खरं तर त्यांना संशय यायला हवा होता. पण जिंकलेल्या माणसाला संशय येत नाही, त्याला झोप येते.

तहामध्ये एक भगदाड होतं. वहिनी चौकटीत लिहीत, 'विहिरीत उतरायचं असेल तर', आणि पुढे कंसात नुसतं 'विहीर'. पानाचा आकडा त्या घालू शकत नसत, कारण विहिरीला दोन पानं लागणार की चार, हे चित्र काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून आकडे शेवटी धाकटा घाली. आकडा म्हणजे शब्द नव्हे आणि चित्रही नव्हे. तह करताना त्याची कुणालाच आठवण झाली नव्हती.

आणि दुसरं, उरलेली पानं. पुस्तक छापतात ते सोळा सोळा पानांच्या फर्म्यात. गोष्ट मध्येच संपली तरी फर्मा संपत नाही. दोन-चार पानं मोकळी राहतात. त्यांवर धाकटा बिनशब्दांची चित्रं काढी. कुठे नुसती टेकडी, कुठे झोपलेलं गाव. शब्द नाही म्हणजे ती पानं सोळा आणे त्याची.

या पुस्तकात समोरासमोरची दोन पानं उरत होती. त्यांवर त्याने एक भलंमोठं झाड काढलं. झाडाच्या शेंड्यावर कानतुट्या बसला होता, धडधाकट, आणि त्याच्या डोळ्यांवर घारबाईचा साखळीवाला चष्मा होता. मग तो आकडे घालायला बसला. विहिरीत उतरायचं असेल तर पुलाच्या पानावर. पूल ओलांडायचा असेल तर बोगद्याच्या पानावर. झोपायचं असेल तर परत विहिरीच्या काठावर. फिरून फिरून कंटाळलं, की शेवटची चौकट झाडाकडे. मरणाच्या पानावर जाणारी एकही वाट त्याने ठेवली नाही. पानं होती, छापून येणार होती, वहिनींचा शब्द न् शब्द त्यांवर होता. फक्त तिथे कुणाला जाता येणार नव्हतं. विहिरीत उडी मारलेला ससा पुढच्या पानावर पुलावर कोरडा ठणठणीत उभा दिसे, हे जरा विचित्र होतं. पण मुलांना त्याचं काही वाटत नाही. मोठ्या माणसांच्या बोलण्यात असं रोजच होतं.

कच्ची प्रत आली. वहिनी प्रूफ वाचत ते फूटपट्टी ओळीखाली धरून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दादाही सरळच वाची. ही वाट निवडायची पुस्तकं घरातल्या कुणीच कधी वाट निवडून वाचलेली नव्हती. त्यामुळे सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण त्या दुपारी वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फूटपट्टी बाजूला ठेवली आणि वाचणाऱ्या मुलासारखं पुस्तक हातात घेतलं. इतकी वर्षं ज्या सशाने छळलं त्याला स्वतःच्या हाताने, नीट निवड करून, विहिरीत ढकलावं, एवढीच त्यांची इच्छा असावी.

धाकट्याला मागच्या खोलीत पानं उलटल्याचा आवाज येत होता. पहिल्यांदा निवांत. मग जरा भराभर. मग थांबून, मागे, परत पुढे. मग पानं अशी फडफडू लागली, जणू खोलीत कुणी कोंबडी धरायला बघतंय. दादाने टेबलावरून मान वर केली.

"अहो," आतून वहिनींचा आवाज आला, "हा मरत नाहीये."

"कोण?"

"तुमचा भाऊ! ससा हो, ससा! मी त्याला विहिरीत टाकला तर पुलावर येतो. पुलावरून टाकला तर बोगद्यात जातो. झोपवला तर उठून बसतो!"

धाकटा दारात येऊन उभा राहिला. "दादा, वहिनींना विचार, एखादा शब्द बदललाय का मी."

वहिनी बाहेर आल्या. दादामार्फत बोलायचं त्या विसरल्या, यावरूनच प्रकरण कुठवर गेलं ते कळत होतं. "शब्द नाही बदलला. तोंडाला पानं पुसलीत माझ्या."

"पानं माझीच असतात, वहिनी."

"आणि तो चष्मा? त्या चोराच्या डोळ्यावर माझा... घारबाईचा चष्मा?"

"चित्राबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"भावजी, मी तुम्हाला एवढंसं असल्यापासून बघतेय—"

"मी चोवीस वर्षांचा होतो तुम्ही आलात तेव्हा."

"तेव्हाही एवढेसेच होतात!"

"तुम्ही दोघं..." दादाने सुरुवात केली. दोघांनी त्याच्याकडे एकदम असं पाहिलं, की तो हिशेबाच्या यंत्राची बटणं दाबू लागला. यंत्र बंद होतं.

पण वहिनी नुसत्या ओरडून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला 'हे पुस्तक कसं वाचायचं' असं एक पान असे. सगळे शब्दच, म्हणजे त्यांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानाचं नवं कार्ड धाकट्याच्या टेबलावर होतं.

'मुलांनो, या वेळी एक गंमत आहे. चौकटींतल्या आकड्यांकडे मुळीच बघायचं नाही. पहिल्या पानापासून सरळ शेवटपर्यंत वाचायचं.'

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ वाचलं, तर ससा विहिरीत मरणार, मग पुलावर मरणार, मग झाडाखाली मरणार. एक मरण चुकणार नाही. मधे कुठेतरी झाडावर बसलेला दिसेल, पण त्यानंतर पुन्हा मरेल. आणि सगळ्यांत वरची कडी म्हणजे ही ओळ त्याला स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरांत काढायची होती. तहाप्रमाणे.

त्याने ती काढली. 'गंमत'मधला अनुस्वार काढताना मात्र त्याचा हात थांबला. आकड्यांकडे बघायचं नाही म्हणजे आकडे काहीही असले तरी चालतील. पानं कुठलीही कुठेही हलवली तरी चालतील. वहिनींनी आपल्या हाताने त्याच्या पायातली बेडी काढून दिली होती. त्याने झाडाची दोन्ही पानं मधून उचलली आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी ठेवली. आता सरळ वाचणाऱ्याला सगळी मरणं संपल्यावर, शेवटचं म्हणून, शेंड्यावर बसलेला कानतुट्या दिसणार होता. आकडेही त्याने नव्याने जुळवून ठेवले. एवढ्या मेहनतीचा माणूस तो एरवी नव्हता.

या वेळी वहिनींना कळायला दुपार लागली नाही. त्यांनी झाडाच्या आधीच्या मरणाखाली ठसठशीत 'समाप्त' लिहून पाठवलं. समाप्तच्या पुढे जे असतं ती गोष्ट नव्हे, ती जाहिरात, असं त्या बोळात उभं राहून, कुणाचंही नाव न घेता म्हणाल्या. धाकट्याने 'समाप्त' काढलं. त्याच्या शेवटच्या अक्षरावर एक चिमुकली माशी बसवली. माशी चित्रात मोडते.

तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. यंत्र मोकळं आहे, पानं आजच द्या, नाहीतर निवडणुकीची पत्रकं लागतील आणि मग महिनाभर विचारू नका. माणूस निघालाय.

दोघेही दादाच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. एकाच बाजूला, शेजारी शेजारी. असं ते लग्नाच्या फोटोनंतर कधी उभे राहिले नव्हते, आणि त्या फोटोतही मधे एक मावशी होती.

"माझं नियमाचं पान जाईल आणि झाड निघेल," वहिनी म्हणाल्या.

"नियमाचं पान निघेल आणि आकड्यांप्रमाणे वाचतील," धाकटा म्हणाला. "वाट निवडायचं पुस्तक आहे, दादा. वाट नको म्हणून पहिल्याच पानावर सांगायचं? उद्या विहिरीवर पाटी लावशील, पाणी काढू नये म्हणून."

"अहो, या वेळी 'तुम्ही दोघं ठरवा' म्हणालात, तर मी आईकडे जाईन."

"मग मी कुठे जाऊ?" धाकटा म्हणाला. "मी माझ्या आईच्याच घरात आहे."

दादाने दोघांकडे पाहिलं. त्याने वहिनींचं नियमाचं पान पुढे ओढलं, खिशातून पेन काढलं, आणि धाकट्याने जीव तोडून काढलेल्या अक्षरांवर सरळ एक काट मारली. "अहो!" वहिनी ओरडल्या. धाकटाही ओरडला, शब्द त्यांचे असले तरी अक्षर त्याचं होतं. काट मारून झाल्यावर दादाने खाली आपल्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं:

'हे पुस्तक आकडे बघून वाचता येतं. न बघता सरळही वाचता येतं. कसं वाचायचं ते तुम्ही ठरवा.'

'तुम्ही'च्या पुढे त्याने सवयीने 'दोघं' लिहिलं होतं. ते खोडलं.

"हे ठरवणं झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काहीतरी ठरवलं होतं. तो पाणी प्यायला वर गेला. परत येईपर्यंत छापखान्याचा माणूस पानं घेऊन गेला होता, दादाच्या अक्षरासकट, झाडासकट, समाप्तासकट आणि माशीसकट.

पुस्तक आल्यावर वाचनालयाच्या मुलांच्या दालनात कार्यक्रम झाला. बुटक्या खुर्च्यांवर तिघे बसले, मधे दादा. ग्रंथपाल बाईंनी लेखिकेची ओळख करून दिली, चित्रकाराची करून देताना त्यांचा चष्मा घसरला, आणि तो सावरेपर्यंत मुलांनी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर झडप घातली.

धाकटा मुलांच्या हातांकडे टक लावून बघत होता. आकडे बघतात की सरळ वाचतात? वहिनीही तेच बघत होत्या. मान तिरकी करून, साखळीचा चष्मा सावरत. नियमाचं पान एकानेही वाचलं नाही. पुस्तक उघडल्याबरोबर त्यांनी पाचही बोटं पाच पानांत खुपसली आणि सगळीकडून एकदम वाचायला सुरुवात केली. "मेला!" एकजण ओरडला. "इथे पण मेला! माझ्या बोटापाशी पण मेला!" "माझा तर झोपेत!" त्यांना ज्या पानांवर जायला वाटच नव्हती, ती त्यांनी सगळ्यांत आधी शोधून काढली होती. धाकट्याचं इतक्या दिवसांचं आकड्यांचं गणित कुणी पाहिलंसुद्धा नाही. वहिनींच्या चेहऱ्यावर मंद हसू पसरलं.

"मग?" त्यांनी पुढ्यातल्या मुलीला विचारलं. मुलीच्या चष्म्याच्या काचा चांगल्याच जाड होत्या. "मेला ना शेवटी बिचारा?"

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग मला काय विचारता?" मुलगी म्हणाली आणि तिने शेवटचं झाडाचं पान उघडलं. त्यावर ती बराच वेळ नाक टेकवून बसली. मग वर बघून म्हणाली, "हिला आता दिसणार कसं?"

"कुणाला?"

"घारबाईला. हिचा चष्मा याच्याकडे आहे. माझा काढला तर मला फळा पण दिसत नाही. ही तर उडते."

शेजारचा मुलगा वाकून बघू लागला. "आपटेल ती."

"खांबावर आपटेल."

"घरटंच सापडणार नाही तिला. दुसऱ्याच्या घरट्यात जाऊन बसेल."

"आणि तिची पिल्लं?"

"घारबाईला पिल्लं असल्याचं मी कुठेही लिहिलेलं नाही," वहिनी ताठ होत म्हणाल्या.

"मग लिहा ना," मुलगी म्हणाली. "पुढे काय होतं तिचं?"

"घारबाई! घारबाई! घारबाई!" मागच्या रांगेने ठेका धरला. ग्रंथपाल बाई हातांनी गप्प बसवायला निघाल्या आणि तशाच थांबल्या, कारण दादा ठेक्यावर मान डोलावत होता.

धाकट्याने पुढे वाकून त्या मुलीला हळूच विचारलं, "आणि कानतुट्या? त्याचं काय?"

"त्याचं काय?" मुलीने खांदे उडवले. "त्याला दिसतंय की."

तिघे गाडीतून परत निघाले. सशाला वाचवलं होतं आणि त्याचं आता कुणाला काही पडलेलं नव्हतं. सशाला मारलं होतं आणि त्याचंही. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच त्यांनी चष्मा काढला, बाहेरच्या रस्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि परत लावला. धाकट्याने ते आरशात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं ते दादाच्या टेबलावरून नाही. वहिनी स्वतः मागच्या खोलीत घेऊन आल्या. त्या खोलीत त्या पहिल्या पुस्तकानंतर आल्या नव्हत्या. तेव्हा आल्या होत्या चहाचा कप घेऊन, आणि तो वाळत असलेल्या सशावर सांडला होता. एक कान पार धुऊन गेला, चित्र परत काढायला वेळ नव्हता, म्हणून धाकट्याने त्याच कानाच्या उरलेल्या बुडख्याची कड फाटकी करून दिली. ससा कानतुट्या झाला तो असा. कान माझ्या चहाने गेला, हे वहिनी आजही सांगत. क्षमा मागायच्या सुरात नव्हे, हक्क सांगायच्या.

धाकट्याने कार्ड वाचलं. 'घारबाई फांदीवर बसली आहे. तिला समोर हिरवं काहीतरी दिसतंय. ते झाड आहे असं वाटत असेल तर पान अठरा.'

"आकडा घातलाय तुम्ही."

"आकडे आता माझे."

"किती पानं लागतात ते चित्र काढल्याशिवाय—"

"तितकीच लागतील. बसवा."

"आणि ती गुणी मुलगी? सांगितलं तेवढंच काढणारी?"

वहिनींनी नजर खिडकीकडे वळवली. "तिने घार काढून पाठवली. कोंबडी आहे ती." मग, जीभ जड झाल्यासारख्या, "तुमची... घारीसारखी दिसते."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्या चित्राबद्दल उच्चारलेलं हे पहिलं बरं वाक्य होतं, आणि ते बोलताना त्यांचा चेहरा दाढ काढताना होतो तसा झाला होता. धाकट्याने कागद टेबलावर लावला, पेन्सिल उचलली, घारबाईचं डोकं काढलं, हनुवटी काढली आणि थांबला. चष्म्याशिवाय ती कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने वहिनींना चष्म्याशिवाय कधी नीट पाहिलेलं नव्हतं; काल आरशात पाहिलं तेही ओझरतं.

"काय झालं?"

"बसावं लागेल तुम्हाला. समोर." तो कागदाकडे बघत म्हणाला. "चष्मा काढून."

"मला काय म्हणून?"

"कोंबडी चालेल का मग?"

वहिनींनी चष्मा सावरला. मग बाहेर गेल्या. धाकट्याला वाटलं, संपलं. पण त्या चहाचा कप घेऊन परत आल्या, त्याच्या समोरच्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि समोरच्या अंधूक आकृतीकडे असं रोखून पाहिलं, की धाकट्याला पेन्सिल घट्ट धरावी लागली.

"हलू नका."

"हलत नाहीये. पण मी या अशा डोळ्यांनी उडणार नाही आधी. चालत जाणार. लिहून ठेवा."

"शब्द तुमचे."

"हो. आणि ते चित्रातसुद्धा कळलं पाहिजे. किती वेळ?"

"बसाल तितका." त्याने डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या काढायला घेतल्या. त्या वाटल्या होत्या त्यापेक्षा जास्त होत्या आणि त्याला त्या सगळ्या हव्या होत्या. तेवढ्यात त्याचं लक्ष कागदाच्या डोक्याशी ठेवलेल्या कपाकडे गेलं. "वहिनी, तो चहा लांब ठेवा."

"कुठेय तो?" वहिनी म्हणाल्या. "मला दिसत नाहीये." आणि त्यांनी हात पुढे केला.